पाय धुवायला जाताना आधी पाय धुऊन जाणारे आपण

पवित्र गुरुवार, म्हणजे येशूने शेवटच्या जेवणाच्या रात्री आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करायचा दिवस, जवळ आला की आमच्याकडे वसईत दरवर्षी एक गंमत चालू असते. संध्याकाळच्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) फादर ज्या बारा जणांचे पाय धुणार असतात त्यांची नावं ठरलेली असतात आणि ते बाराही जण आपापल्या घरी टाचा घासत बसलेले असतात. नखं कापून होतात, भेगांना व्हॅसलीन चोळून होतं, एखादी सरळ पार्लर गाठते आणि पेडिक्युअर करून येते, पुरुषमंडळी नवे सॉक्स घालतात म्हणजे घरापासून चर्चपर्यंत धूळ लागायला नको. मग फादर गुडघ्यावर बसतात, पायावर थोडंसं पाणी ओततात, टॉवेलने टिपतात, पुढे सरकतात. परातीत जमलेलं पाणी शेवटी बघा कधी, प्यायला काढलेल्या पाण्यासारखं नितळ असतं!

आता यात कुणाची चूक नाही. चारचौघांत पाय पुढे करायचा तर तो मळका कसा करणार, लाज वाटतेच माणसाला. पण मला वाटतं आपल्या सगळ्या सेवेचं इथेच कुठेतरी गणित बिघडतं आणि म्हणूनच हे लिहायला घेतलंय, बरेच दिवस डोक्यात होतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून बघा, ती रात्र तिथे आहे. येशूच्या काळात त्याच्या भागात लोक चपला घालून धुळीच्या रस्त्याने चालायचे, त्याच रस्त्याने गाढवं, उंट, मेंढ्या पण जायच्या, त्यामुळे पाहुणा आला की पाय धुवायला पाणी देणं हा साधा पाहुणचार होता. पाणी द्यायचं बरं का, धुवायचे ज्याचे त्याने, नाहीतर घरातल्या गुलामाने. यहुदी धर्मपंडितांच्या जुन्या टीकेत तर असं म्हटलंय की यहुदी गुलामाला हे काम करायला लावू नये, इतकं ते हलकं समजलं जायचं. आणि येशूने, ज्याला ते बारा जण गुरुजी आणि प्रभू म्हणत होते, जेवणावरनं उठून अंगावरचं वरचं वस्त्र काढलं, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि एकेकाच्या पायाशी बसला. आणखी एक शुभवर्तमान लिहिणारा लूक तर सांगतो की त्याच रात्री त्याच टेबलावर शिष्यांमध्ये आपल्यात मोठा कोण यावरनं वाद झाला होता. आपल्या कुठल्याही कमिटीची मिटिंग डोळ्यासमोर आणा, काही फरक नाही.

दोन गोष्टी त्या अध्यायात मला कायम अडकवतात. एक म्हणजे यहूदा, येशूला पकडून देणारा शिष्य, तेव्हा अजून तिथेच होता. तो बाहेर पडतो ते नंतर, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले, आणि धुणाऱ्याला माहीत होतं की हे पाय थोड्या वेळाने कुठे चाललेत. आपण तर रेशनची पिशवी द्यायची म्हटली तरी आधी विचारतो, नवरा पितो का? दुसरी गोष्ट पेत्राची, तोही त्या बारा शिष्यांतलाच. पेत्र म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं ना? पण येशू त्याला सरळ सांगतो की मग तुझा माझा संबंध नाही. मग लगेच पेत्र दुसऱ्या टोकाला, मग नुसते पायच कशाला, हात पण धुवा, डोकं पण धुवा. म्हणजे दोन्ही वेळा काय धुवायचं ते पेत्रच ठरवणार! मला हा माणूस फार आवडतो कारण आमच्या आळीत असे पेत्र भरपूर आहेत, मला काही नको म्हणतात आणि सगळं आपल्याच मनासारखं करून घेतात.

हा पाय धुण्याचा विधी आता जसा संध्याकाळच्या मिस्सामध्ये होतो तसा तो पूर्वी नव्हता, १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्याच्या विधींत बदल केले तेव्हा तो तिथे आला. आणि नियमाप्रमाणे पाय पुरुषांचेच. मग २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आले आणि त्यांनी पहिल्याच वर्षी हा विधी मोठ्या बॅसिलिकात करायचं सोडून रोममधल्या कासाल देल मार्मो नावाच्या तरुण कैद्यांच्या तुरुंगात केला, त्या बारा जणांत दोन मुली होत्या आणि त्यातली एक मुसलमान होती. केवढी चर्चा झाली होती तेव्हा. मग २०१६ मध्ये नियमच बदलला आणि बायकांचे पाय धुवायला अधिकृत परवानगी मिळाली. आमच्याकडेही मग बायकांची नावं यायला लागली, आणि त्याबरोबर कुठल्या आळीतली किती, ह्या संघटनेची एक तर त्या संघटनेची का नाही, हेही सगळं आलं. यादीत नाव नाही म्हणून रुसून बसलेली माणसं मी पाहिलीत. नम्रतेच्या विधीत मानाचं पान मिळालं नाही म्हणून रुसवा, आता बोला!

पोप फ्रान्सिस यांचा शेवटचा पवित्र गुरुवार २०२५ चा, १७ एप्रिल. मोठ्या आजारातून उठलेले, व्हीलचेअरवर, तरी रोममधल्या रेजिना चेली तुरुंगात गेले, कैद्यांना भेटले आणि म्हणाले की दरवर्षी मला हे करायला आवडतं पण यंदा मला जमणार नाही, तुमच्या जवळ येऊन थांबणं मात्र जमतंय. २१ तारखेला ते गेले. आमच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ फिरत होता आणि मला त्यातलं काय लागलं असेल तर हेच, की आयुष्यभर वाकलेला माणूस आता वाकता येत नाही हेही लपवत नव्हता.

बरं, आता आमच्या कामाबद्दल. मी आमच्या चर्चच्या विन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही सोसायटी पॅरिसमध्ये २३ एप्रिल १८३३ ला सुरू झाली, सुरू करणारे कॉलेजातले पोरगे होते, त्यातला फ्रेडरिक ओझानाम त्याच दिवशी वीस वर्षांचा झाला होता. हे लोक एका चर्चामंडळात इतिहास, तत्त्वज्ञान, धर्म यावर वाद घालायचे, आणि तिथे कुणीतरी त्यांना टोचलं की तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल काय काय पण आज तुम्ही काय करताय? ओझानामला ते लागलं. म्हणतात की तो आणि एक मित्र स्वतःकडची उरलेली जळणाची लाकडं उचलून एका गरीब घरी देऊन आले, तिथनं सुरुवात. पण मला ह्या गोष्टीतलं सगळ्यात आवडणारं पात्र म्हणजे सिस्टर रोझाली रॉंद्यू. पॅरिसच्या मुफ्तार भागात, जिथे अतोनात गरिबी होती, तिथे ही बाई कित्येक वर्षं राहून काम करत होती, तिला प्रत्येक जिना आणि प्रत्येक घर माहीत होतं. हे शिकलेसवरलेले पोरगे तिच्याकडे गेले आणि म्हणाले आम्हाला शिकवा, आणि तिने त्यांना कुणाकडे जायचं, कसं बोलायचं ते शिकवलं. ओझानाम पुढे सोरबॉनमध्ये प्रोफेसर झाला, १९९७ मध्ये त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, सिस्टर रोझालींना २००३ मध्ये. आज ही सोसायटी दीडशेच्या आसपास देशांत आहे.

तिचे काही नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. घरी जायचं ते दोघांनी मिळून, एकट्याने नाही. म्हणजे कुणी एकटा त्या घराचा तारणहार होऊन बसत नाही. तिथे जे दिसलं, ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही. ते लोक कुठल्या धर्माचे ते बघायचं नाही आणि तिथे जाऊन प्रवचन द्यायचं नाही. आणि प्रत्येक मिटिंगच्या शेवटी एक पिशवी फिरते, सीक्रेट बॅग म्हणतात तिला, मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची, कुणी पाचशेची नोट टाकली, कुणी दहाचं नाणं आणि कुणी नुसतीच मूठ घातली, कुणाला कळत नाही. ज्याच्याकडे त्या महिन्यात खरंच पैसे नाहीत त्याची लाज ती पिशवी राखते आणि ज्याच्याकडे भरपूर आहेत त्याचा तोरा तिथे चालत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये असं जे येशू म्हणाला त्याची कुणीतरी शिवून काढलेली पिशवीच आहे ती.

आणि मग मोबाईल आला. मोबाईलने त्या पिशवीची पार वाट लावली. आता पीठ, तांदूळ, डाळ, तेल दिलं की फोटो. देणारे चौघे हसतायत, घेणारी बाई मध्ये खाली बघत्येय, मागे बॅनर. यावर आमच्यात खडाजंगी झाली होती. एका काकांचं म्हणणं होतं की फोटो नाही टाकला तर देणगीदारांना कळणार कसं, पैसे येणार कसे, आणि त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही, हिशोब दाखवायलाच पाहिजे. पण हिशोब म्हणजे बिलं. दुकानदाराचं बिल टाका ना ग्रुपवर, किती किलो तांदूळ, किती लिटर तेल, किती घरं, झालं. त्या बाईचा चेहरा कशाला पाहिजे? तिची मुलगी आपल्याच शाळेत शिकते, तिच्या वर्गातल्या पोरांच्या आयांच्या फोनमध्ये तो फोटो गेला ना! शेवटी ठरलं की सामानाचा फोटो काढायचा, माणसांचा नाही. काका अजून थोडे नाराजच आहेत.

पण रेशन हा तसा सोपा भाग आहे, आता त्याच्या पुढचं सांगते. वसईची एक वेगळीच गरिबी आहे जी बाहेरच्यांना दिसत नाही. गावात जाऊन बघा, मोठमोठे बंगले, मार्बल, गेटवर कॅमेरा, आणि आत एक म्हातारी, फार तर म्हातारा-म्हातारी. पोरं कॅनडात, दुबईत, न्यूझीलंडला, इस्राएलला. पैसे वेळेवर येतात, रोज रात्री व्हिडिओ कॉल येतो, कामवाली सकाळी तासभर येऊन जाते. वाडीतली केळी कुणाला तरी लावायला दिलेली, विहिरीवर पंप बसवलेला. ह्या घरांत रेशन घेऊन गेलात तर उलट तेच तुम्हाला चार किलो तांदूळ देतील. तेव्हा आमच्यातल्या काही जणांचं म्हणणं असायचं की ह्यांना काय गरज आहे, जायचं तर नालासोपाऱ्याच्या चाळीत जाऊ. चाळीत तर जायचंच आहे, जातोही. पण ह्या घरांतही आम्ही जायला लागलो, नुसतं बसायला.

अशाच एका घरी एक आजी आहेत, लाल लुगडं नेसणाऱ्या आमच्याकडच्या शेवटच्या पिढीतल्या, जीभ तिखट, ऐकायला एकदम चांगलं येतं, दिसतं पण ठीकठाक, पण कंबर आणि गुडघे गेलेले. आम्ही दोघी गेलो, रोझरी (माळेवरची प्रार्थना) म्हणायची का विचारलं, तर म्हणाल्या (कादोडीत, म्हणजे आमच्या वसईच्या बोलीत म्हणाल्या, मी मराठीत सांगते) की रोझरी मी रोज तीन वेळा म्हणते, तुमच्यासाठी पण म्हणते, तुम्ही माझी नखं कापा.

पायाची नखं. विचार करा, ज्याला वाकता येत नाही त्याची पायाची नखं कोण कापणार? सून कॅनडात. मुलाला व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. कामवालीला सांगायला लाज वाटते. आणि नखं वाढली की चप्पल लागते, चप्पल लागली की बाई घरात अनवाणी चालते, अनवाणी चालली की बाथरूममध्ये घसरते, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. सगळा कारभार एका नेलकटरवर अडलेला.

आणि ते काम वाटतं तितकं सोपं नाही हं. म्हाताऱ्या माणसांची नखं जाड होतात, पिवळी पडतात, बाजूने आत वळतात, साध्या नेलकटरच्या तोंडात मावतच नाहीत, त्यासाठी मोठं मजबूत कटर घ्यावं लागतं. आधी पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे म्हणजे नखं मऊ पडतात, पाणी किती गरम आहे ते आपल्या हाताने बघायचं कारण पायाला कळत नसेल तर भाजेल. नख सरळ कापायचं, कोपऱ्यात घुसायचं नाही, नाहीतर ते मांसात वाढतं. एकाच वेळी सगळं उडवायला जायचं नाही, थोडं थोडं करत, मग फाईलने घासायचं. शेवटी पाय पुसताना बोटांच्या मधला भाग नीट कोरडा करायचा, तिथेच तर बुरशी होते. आणि ज्यांना डायबेटिस आहे, पायाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, कुठे जखम दिसते, त्यांच्या पायाला आपण हात घालायचा नाही, डॉक्टरकडे न्यायचं, कारण छोटीशी चीरही तिथे भारी पडते. आमच्या ग्रुपमधल्या एका नर्सने आम्हाला हे सगळं बसवून शिकवलं, रिटायर्ड आहे, तिच्यासमोर कुणाची चूं करायची हिंमत नाही.

हे करताना तुम्ही जमिनीवर बसता, समोरचा खुर्चीवर. वास येतो, खरं सांगायचं तर येतो. आणि पूर्ण वेळ वरनं सूचना चालू असतात, अगं हळू, ते नाही ते, करंगळीचं राहिलं, तुझ्या आईने शिकवलं नाही का काही. आणि इथे मला जे म्हणायचंय ते असं, की नम्रता म्हणून आपण जे मनात काहीतरी गोड गोड धरून बसतो, मी किती लहान, मी कुणी नाही वगैरे, त्याचा त्या वेळी काही उपयोग नसतो. त्या वेळी एकच प्रश्न असतो, काय हवंय, कसं हवंय आणि कधी पुरे, हे कोण ठरवणार, तुम्ही की त्या आजी? रेशनच्या पिशवीत सगळं आम्ही ठरवतो, किती डाळ, कुठलं तेल, कुठल्या रविवारी. नखांच्या वेळी आजी ठरवतात. माझ्या मते सेवेतली नम्रता ओळखायची खूण हीच आहे, ठरवायची गादी कुणाकडे आहे ते बघायचं.

आणि मग चहा. काम झालं की आजींना चहा करायचा असतो, गुडघे धरून त्या ओट्याशी उभ्या राहणार, आणि आमच्यातले नवीन लोक हमखास म्हणतात नको नको आजी, तुम्ही त्रास घेऊ नका. झाले पेत्र! अरे घ्या ना चहा. तुम्ही त्यांचे पाय हातात घेतले आणि त्यांचा कप मात्र तुम्हाला चालत नाही? मी तर आता सरळ सांगते आजी साखर जरा जास्त. बिस्किटं पण खाते, मऊ पडलेली असतात तरी.

कुणी म्हणेल नखं कापण्यात कसला आलाय अध्यात्म. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियमावली लिहिली, आजही शेकडो मठ तिच्यावर चालतात. तिच्यात नम्रतेवर एक अख्खं प्रकरण आहे, बारा पायऱ्यांचं, लोक तेच वाचतात. पण मला स्वयंपाकघराचं प्रकरण जास्त आवडतं. त्यात लिहिलंय की स्वयंपाकाची पाळी आठवड्याआठवड्याने सगळ्यांना, आजारी असेल किंवा फारच महत्त्वाच्या कामात अडकला असेल तरच सूट. शनिवारी पाळी संपणाऱ्याने साफसफाई करायची, हातपाय पुसायचे टॉवेल धुवायचे, पाळी संपणारा आणि नवीन पाळीवाला दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि भांडी मोजून, घासून, न फुटलेली अशी परत द्यायची. आणि त्यात एक बारीक सोय आहे जी वाचून मला हसूच आलं, वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकरी आणि पेय जास्तीचं द्यायचं, कशासाठी, तर कुरकुर न करता वाढता यावं म्हणून! म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीच्या संतालाही माहीत होतं की उपाशी माणूस नम्र राहू शकत नाही. आपल्या सणाच्या जेवणात स्वयंसेवक दुपारी चारपर्यंत उपाशी उभे असतात आणि मग एकमेकांवर खेकसतात, त्यांना आधी दोन वडापाव द्या की.

आणि पाळी ही गोष्टच किती चांगली आहे. पाळी असली की माणसाच्या मूडचा प्रश्न येत नाही. आज मला सेवा करावीशी वाटते का, माझं मन शुद्ध आहे का, असलं काही नाही, बुधवार आहे, माझी पाळी आहे, गेले. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो की सांगितलेलं सगळं केल्यावर एवढंच म्हणा, आम्ही साधे नोकर, करायचं होतं ते केलं. पूर्वी ते वाक्य मला जरा कठोर वाटायचं, आता त्यात सुटका वाटते. टाळ्या नाहीत म्हणजे टाळ्यांची वाट पण बघायला नको.

पण एक गोष्ट इथे बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. आपल्याकडे नम्रतेचं प्रवचन बहुतेक वेळा आधीच वाकलेल्या माणसाला दिलं जातं. सुनेला सांगतात नम्र हो, कामवालीला सांगतात, चर्च झाडणाऱ्या माणसाला सांगतात, नवरा हात उचलतो त्या बाईलाही सांगतात की सहन कर, क्रूस उचल. हे मला अजिबात मान्य नाही. तेराव्या अध्यायात वाकतो कोण? खोलीत जो सगळ्यात मोठा आहे तो. बायबलमध्ये पौल फिलिप्पै गावच्या लोकांना पत्र लिहितो तेव्हाही तेच, जो देवाच्या बरोबरीचा होता त्याने ते सोडलं आणि दास झाला. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही आहे त्याच्यासाठी तो धडा आहे. मार खाणाऱ्या बाईला आधी त्या घरातनं बाहेर काढा, तिथे सेवा म्हणजे तिच्याबरोबर पोलीस स्टेशनला जाणं, आणि तिथेही बोलायचं तिने, आपण नुसतं बाजूला बसायचं.

ह्यावर आपल्या मराठी माणसांपैकी कुणाचं उदाहरण द्यायचं तर मला पंडिता रमाबाईच आठवतात. १८७८ मध्ये कलकत्त्यातल्या पंडितांनी जिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या अशी बाई, संस्कृत तोंडपाठ. पुढे इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. त्या सिस्टरांचं लंडनजवळ फुलमला एक काम होतं, समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी. रमाबाईंनी तिथे पाहिलं की ह्या बायकांशी कुणी तिरस्काराने वागत नाही, त्यांची काळजी घेतली जाते, आणि त्यांना प्रश्न पडला हे असं का? तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी (यहुदी ज्यांना हलके समजायचे त्या लोकांतल्या) बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की त्यांच्या मनावर हे केवढा परिणाम करून गेलं. आणि त्या गोष्टीत गंमत बघा, येशू त्या बाईकडे आधी काय करतो तर पाणी मागतो! देणाऱ्याने आधी मागितलं.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन तिथल्या उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पण मला सांगायचं आहे ते ह्याच्या पुढचं. तिथे आलेल्या बायका नुसत्या घेणाऱ्या राहिल्या नाहीत, शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्याच चालवायच्या. रमाबाईंनी शेवटच्या वर्षांत बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर ते पुरं होत आलं होतं, आणि ते छापलं गेलं ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी. दुष्काळातनं उचलून आणलेल्या मुली छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवतायत. केडगाव पुण्याहून सोलापूर लाईनवर लागतं, कधी गेलात तर बघून या.

आमच्या आजींकडे परत येते कारण तिकडे आता भलतंच चालू झालंय. कमिटीतल्या एकांना आमच्या ह्या नखांच्या कामाबद्दल कळलं आणि त्यांनी सुचवलं की याला छानसं नाव देऊ, पवित्र गुरुवारी फादरांच्या हस्ते उद्घाटन करू, टी-शर्ट करू. टी-शर्टवर काय छापणार, नेलकटर? तो विषय मी आणि नर्सबाईंनी मिळून सध्या तरी लांबणीवर टाकलाय.

आजींचं म्हणणं मात्र वेगळं निघालं. मागच्या वेळी त्यांनी विचारलं की तुमच्या यादीत अशी किती म्हातारी माणसं आहेत, मी सांगितलं, तर म्हणाल्या मला सगळ्यांचे नंबर दे. का? तर म्हणे तुम्ही येता महिन्यातनं, मधल्या दिवसांत कुणी पडलं, झडलं तर तुम्हाला कळणार कधी, मला पहाटे चारपासून झोप नसते, सातनंतर मी सगळ्यांना फोन लावीन. आम्ही आधी प्रत्येक घरी विचारलं, चालेल का म्हणून, आणि मग एका वहीत मोठ्या अक्षरात नंबर लिहून दिले. आता त्या रोज सकाळी एकेकाला फोन करतात, गोळी घेतली का, काल चप्पल घातली होतीस का, आणि कुणी उचलला नाही तर लगेच मला फोन, मी तेव्हा विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये एका पायावर उभी असते, आणि पलीकडनं ऑर्डर येते की अमक्याने दोनदा फोन उचलला नाही, तू कुणाला तरी पाठव, आणि हो, त्याला सांग रिंग मोठी करून ठेव, मी काही रिकामटेकडी नाही.